पांढरा रोलबरोबर येतो

हरमाटन सुरू झाला की कुमासीत
दुपारीच संध्याकाळ होते.
वाळवंटातून निघालेली धूळ
दाराच्या फटीतून आत येते
आणि पहिली बसते ती रोलवर.
कोरड्या हवेत व्हिनाइल असं भारलेलं असतं
की बोट नेलं तर चटका देतं;
केस, कापूस, रस्त्यावरची राख,
सगळं ओढून घेतं अंगाशी.
म्हणून सकाळी फरशीवर पाणी शिंपडते मी,
मग हात धुते, मग हातमोजे,
मग कुठे रोलला हात.

हे सगळं अडुसेई मास्तरांचं.
रोल जमिनीवर लोळवायचा नाही, पोटाला खळगा पडतो.
आला तसा मशीनवर चढवायचा नाही,
रात्रभर खोलीत मुरू द्यायचा.
पाहुणा आहे, आधी इथली हवा तर लागू दे त्याला.
आणि कडेने धर, पोरी, कडेने.
चेहरा जिथे यायचाय
तिथे बोट लावू नकोस.

मंगळवारी त्यांची मुलगी पोकुआ आली.
पदराच्या गाठीत पेनड्राइव्ह.
बारा बाय आठ, घरापुढे लावायला.
एक्क्याऐंशी वर्षं जगले,
तेव्हा काळं-लाल नको, ते अर्ध्यात गेलेल्यांचं.
"पांढरं कर. खूप पांढरं."

आता तिला कसं सांगावं,
या मशीनला पांढरा येत नाही.
निळा येतो, किरमिजी, पिवळा, काळा.
पांढरा म्हणजे शाई जिथे पडलीच नाही ते.
तो रोलबरोबर येतो,
मी फक्त त्याला वाट सोडून देते.

दाराच्या उजेडात तुकडे मांडले आम्ही, मी आणि डुफीने.
स्वस्त फ्लेक्स : नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखा.
जाळीचं कापड वाऱ्याला बरं,
पण माणसाची चाळणी होते.
चकचकीत व्हिनाइलमध्ये
रडायला आलेल्यांचेच चेहरे दिसतील.
आणि कॅनव्हास.
दुधावरच्या सायीचा रंग, शाई पिणारा,
बोटाखाली धागे मोजता यावेत असा.
तिप्पट भाव. फरक मी भरणार होते.

डुफी म्हणाली, पहिल्या पावसात सडेल.

मला माहीत होतं.
मास्तरांनाही माहीत असतं.
या गावात कुणी फ्लेक्स टाकून देत नाही.
चाळीसावा दिवस उलटला की
मेलेली माणसं टोमॅटोवर पसरतात,
शेळ्यांच्या गोठ्यावर चढतात,
गाद्या भरलेल्या ट्रकला गच्च आवळून तमालेपर्यंत जातात.
आमच्या कोपऱ्यावर एका हेडमास्तरीणबाईंच्या हसण्याखाली
तीन वर्षं कुणीतरी केळी तळतंय.
मास्तर तिथेच खायचे. वर बघून म्हणायचे,
बाई शाळेत इतकी सावली देत नव्हत्या.

जाड फ्लेक्स घेतला मग. मधे काळा थर असलेला,
मागून ऊन आलं तरी चेहरा विझणार नाही असा.
ताण बघितला, हेड एक खूण वर घेतलं,
कडा चिकटपट्टीने दाबल्या.
आणि पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागले ते :
टोपी, कपाळ,
मला कधी सरळ न बघितलेले डोळे.

डाव्या गालावर एक कण होता.
छापताना कुणाला दिसला नाही.
उडून गेला तेव्हा मागे ठिपका राहिला,
मिरीएवढा. पांढरा.
डुफी मार्कर घेऊन आली.
मी तिचं मनगट धरलं, पण लगेच सोडलं,
कारण का धरलं ते मलाच नीट सांगता येईना.
चाळीस वर्षं या धुळीशी भांडले ते.
तिने एवढंच मागितलं शेवटी.

शाई चोवीस तास सुकू दिली.
मग छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं,
आत ठेवली की चिरडते.
पोकुआची दोन मुलं आली न्यायला.
पिकअपमध्ये मावेना, तेव्हा धाकटा म्हणाला,
दुमडून टाकू का?

मी ओरडलेच.
अख्खं दुकान गप्प झालं.
मग हळू आवाजात सांगितलं त्याला :
खांद्यावरून ने. चालत ने.
घडीची रेघ एकदा तोंडावरून गेली
की उन्हातही निघत नाही.
आणि कडेने धर.